शून्याच्या आधी

सकाळी साडेनऊचा कुठलाही मोठा चौक बघा. सिग्नलवरचे लाल आकडे उतरत असतात. चाळीस, एकोणचाळीस, अडतीस... इथे माणसं मोबाइलमध्ये असतात. दहाच्या आत आलं की इंजिनं चालू व्हायला लागतात. पाचवर मागचा हॉर्न मारतो, तीनवर पहिली दुचाकी सुटते आणि शून्य दिसतं तेव्हा पुढची फळी चौक ओलांडून गेलेली असते. किती वेळ उरलाय हे दिसलं की लोक निवांत थांबतील, गाडी बंद करतील, अशी ते आकडे लावणाऱ्यांची अपेक्षा असणार. झालं भलतंच. किती थांबायचंय हे ठाऊक नव्हतं तोवर लोक बरे थांबत होते.

उलट मोजण्यात अशी एक चढ आणणारी चीज आहे. दहावीच्या परीक्षेला किती दिवस राहिले, लग्नाला किती, निवृत्तीला किती, हे मोजायला आपण आता अ‍ॅपही ठेवतो. या मोजणीला आपण सर्रास 'काउंटडाउन' म्हणतो, आणि त्यातलं इंग्रजी 'काउंट' मोठं बहुरूपी क्रियापद आहे. शेजारी 'ऑन' येऊन बसलं की ते कुणावर तरी विसंबतं. 'इन' आलं की पंगतीत आणखी एक पान वाढतं. 'आउट' आलं की कुणीतरी बाद होतं. मुष्टियोद्धा खाली पडला की पंच त्याच्याशेजारी उभा राहून दहापर्यंत मोजतो आणि तोवर तो उठला नाही तर कारभार आटोपतो. आणि 'डाउन' आलं की सगळे डोळे शून्याकडे लागतात. हे शेवटचं आपण इतकं आपलंसं केलंय की सोसायटीच्या गणपतीच्या आरासीचा पडदासुद्धा 'तीन, दोन, एक' म्हटल्याशिवाय बाजूला होत नाही.

रॉकेट सोडताना उलट मोजायची ही रीत सिनेमाने रुळवली, असं सर्वसाधारणपणे मानतात. १५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनमध्ये दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा 'फ्राऊ इम मोंड' हा मूकपट पहिल्यांदा दाखवला गेला. चंद्रावर गेलेल्या बाईची गोष्ट. रॉकेटच्या शास्त्राबद्दल सल्ला द्यायला हरमान ओबर्थसारखा जाणकार होता. पण उलट मोजणीमागचा हिशोब शास्त्राचा नव्हता, नाटकाचा होता. लांगने पुढे तो सांगितला. एक, दोन, तीन असं वर मोजत गेलो तर रॉकेट कधी सुटणार हे प्रेक्षकाला कळणार कसं? पन्नासला सुटेल की शंभरला? तेच शून्याकडे मोजलं तर प्रत्येक आकड्याला श्वास अडकतो. मूकपट असल्याने ते आकडे कुणी बोललं नाही, ते पडद्यावर अक्षरांत आले.

इथे एक आडवाट घेतल्याशिवाय राहवत नाही. या चित्रपटाची कथा-पटकथा लिहिणारी थेआ फॉन हार्बू ही तेव्हा लांगची बायको. पुढे दोघं वेगळे झाले आणि थेआने गुपचूप लग्न केलं ते अयी तेंडुलकर या बेळगावकडच्या पत्रकाराशी. महायुद्धाच्या सुमारास तेंडुलकर भारतात परतले, थेआ तिकडेच राहिली. जगाला काउंटडाउन शिकवणाऱ्या घराशी आपला असा एक सुतळीचा धागा जोडलेला आहे. आडवाट संपली.

जर्मन इंजिनियरांना तो चित्रपट चांगलाच आठवत होता. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडेहून त्यांचं ए-४ रॉकेट पहिल्यांदा यशस्वी उडालं तेव्हा त्याच्या बुडाशी 'फ्राऊ इम मोंड'चं चित्र रंगवलेलं होतं. पण सिनेमावाल्याने उत्कंठा वाढवायला काढलेली युक्ती इंजिनियरांच्या हातात आली आणि तिचं काम पार बदललं. आपल्याला टीव्हीवर दिसतात ते शेवटचे दहा आकडे. रॉकेटवाल्यांच्या लेखी ते शेपूट आहे. खरी मोजणी त्याआधी तासन्‌तास चाललेली असते, आणि तिथे प्रत्येक आकडा हा एक प्रश्न असतो. हे झालं का? ते बघितलं का? पुढे जायचं का?

आपल्याकडे ही मोजणी पहिल्यांदा झाली ती २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, केरळात थुंबाला. मासेमाऱ्यांचं गाव, चर्चच्या इमारतीत थाटलेलं ऑफिस, अमेरिकेतून आलेलं नायके-अपाचे रॉकेट. ते उचलून लाँचरवर ठेवायच्या वेळी क्रेनच्या हायड्रॉलिक यंत्रणेतून गळती लागली, तेव्हा माणसांनी अंगाचा जोर लावून ते जागेवर बसवलं, असं अब्दुल कलामांनी लिहून ठेवलंय. रॉकेटची जुळणी आणि सुरक्षितता ही त्यांची जबाबदारी होती. आणि उलट मोजण्याचं काम आलं होतं प्रमोद काळे या बडोद्यात शिकलेल्या मराठी तरुणाकडे. पुढे ते थुंब्याच्याच विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. संध्याकाळच्या आभाळात सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग पसरला आणि भारताचा अवकाश कार्यक्रम सुरू झाला.

आता श्रीहरिकोट्याला मोठ्या उड्डाणाची मोजणी बहुधा चोवीस तासांहून मोठी असते. त्या वेळात द्रव इंधनं भरायची असतात, टाक्यांमधला दाब बघायचा असतो, बॅटऱ्या तपासायच्या असतात. वरच्या हवेतल्या वाऱ्याचा वेग, विजा, समुद्रात चुकून शिरलेली एखादी मच्छीमार बोट, वर फिरत असलेला जुन्या उपग्रहांचा कचरा, यातलं काहीही आडवं येऊ शकतं. मिशन डायरेक्टरने परवानगी दिली की शेवटचा ताबा संगणक घेतो. मग स्पीकरवरून तो ओळखीचा संथ आवाज येऊ लागतो. कित्येक वर्षं तो आवाज एन. वलारमती यांचा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या गेल्या. त्या आवाजात कुठेही घाई नसे, हे आठवून बघा.

अमेरिकेत नासाने तर या मोजणीसाठी दोन घड्याळं लावली. एक आपलं नेहमीचं, पुढे पळणारं. दुसरं मोजणीचं, जे मुद्दाम ठरवलेल्या जागी थांबतं. या थांब्यांना ते होल्ड म्हणतात. काही गडबड झाली म्हणून घेतलेले हे होल्ड नव्हेत, गडबड झाली तर वेळ हाताशी असावा म्हणून आधीच शिवलेले आहेत. स्पेस शटलच्या काळात मोजणीच्या घड्याळावर ४३ तास असायचे, पण ते सुरू व्हायचं उड्डाणाच्या सुमारे तीन दिवस आधी. मधले सगळे तास थांब्यांचे. नऊ मिनिटं बाकी असताना घड्याळ पुन्हा उभं राहायचं आणि एकेका टेबलावरच्या माणसाला विचारलं जायचं, तुझं काय म्हणणं? त्या माणसाने 'नो गो' म्हटलं की विषय संपला. तो वयाने किती, पगाराने किती, हे तिथे बघायचं नसतं.

म्हणजे सिनेमाने जी गोष्ट थांबता येऊ नये अशी रचली, ती इंजिनियरांनी कुठेही थांबता यावं म्हणून वापरली. मला या सगळ्या खटाटोपातलं हे सर्वांत शहाणं वाटतं.

२८ मार्च २००१ ची गोष्ट यासाठी मुळातून बघण्यासारखी आहे. इस्रोच्या जीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण. या रॉकेटची रचना अशी की मधोमध घन इंधनाचा जाडजूड टप्पा आणि त्याला बिलगून चार द्रव इंधनाचे. शून्याला पाचेक सेकंद असताना बाजूचे चार पेटवायचे, संगणकाने चौघांचा जोर मोजायचा आणि चारही ठीक असतील तरच मधला पेटवायचा. कारण द्रव इंधनाच्या इंजिनाची तोटी बंद करता येते. घन इंधन म्हणजे दिवाळीतला बाण, एकदा वात लागली की फुंकर मारून विझत नाही. त्या दिवशी आकडे उतरत आले, बाजूची इंजिनं पेटली, ज्वाळा दिसल्या, लोक उभे राहिले असतील. चौघांपैकी एकाचा जोर हवा तेवढा चढलाच नाही. एक सेकंद उरला असताना संगणकाने सगळं बंद केलं. धूर निवळला तेव्हा रॉकेट जागच्या जागी उभं होतं. दोष निघाला ऑक्सिडायझर वाहून नेणाऱ्या नळीत. तो काढला आणि एकवीस दिवसांनी, १८ एप्रिलला, तेच रॉकेट उडालं.

त्या पाच सेकंदांत माणसाला काही सुचलंही नसतं. थांबायचा निर्णय आधीच, शांत डोक्याने, कुठल्यातरी टेबलावर घेऊन ठेवलेला होता. गर्दी, कॅमेरे, मंत्री, देशाची मान असल्या गोष्टी समोर येण्याच्या कितीतरी आधी.

याची दुसरी बाजू १० ऑगस्ट १९७९ ची. एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण, प्रकल्पाचे प्रमुख कलाम. ही गोष्ट त्यांनीच नंतर अनेक व्याख्यानांतून सांगितली. शेवटच्या मिनिटांत संगणकाने मोजणी थांबवली. नियंत्रण यंत्रणेतले काही घटक ठीक नसल्याचं तो दाखवत होता. शेजारच्या तज्ज्ञांनी हिशोब करून सांगितलं, काळजी नको, इंधनाचा पुरेसा साठा आहे. कलामांनी संगणकाला बाजूला सारलं आणि रॉकेट सोडलं. पहिला टप्पा छान गेला. दुसरा बिघडला. सगळं बंगालच्या उपसागरात. नियंत्रण यंत्रणेतून नायट्रिक आम्ल गळून गेलं होतं, हे मग चौकशीत समोर आलं.

पुढचा भाग सगळ्यांना पाठ असतो: इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले, अपयश आपल्या अंगावर घेतलं, आणि १८ जुलै १९८० ला यश आलं तेव्हा कलामांना पुढे केलं. नेतृत्वाच्या शिबिरांत ही गोष्ट इतक्यांदा सांगितली जाते की धवनसाहेबांच्या मोठेपणाला आता थोडी झिलई चढलीय. ते मोठे होतेच. पण त्या गोष्टीतला आधीचा भाग मला जास्त खुपतो. यंत्र थांब म्हणत होतं. माणसं हुशार होती, प्रामाणिक होती, कित्येक वर्षं राबलेली होती. आणि नेमकी म्हणूनच त्यांना थांबवेना. इतकं करून ठेवल्यावर शेवटच्या मिनिटाला मागे फिरायला वेगळंच काळीज लागतं. ते हुशारीत येत नाही.

बंगालच्या उपसागरात रॉकेट पडलं, माणूस नव्हता. नासाच्या चॅलेंजर शटलमध्ये सात माणसं होती. २८ जानेवारी १९८६ च्या आदल्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार हे दिसत होतं. रॉकेटचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे रॉजर बॉइसजोली आणि त्यांचे सहकारी इंजिनियर फोनवरच्या बैठकीत सांगत होते की सांध्यातली रबरी कडी थंडीत ताठर होते, १२ अंश सेल्सियसच्या खाली उडवू नका. नासाच्या बाजूने नाराजी उमटली. मग कंपनीचे वरिष्ठ आपसात बोलले, इंजिनियरांना बाजूला ठेवून निर्णय फिरवला. सकाळी तापमान दोनेक अंशांवर होतं. मनोऱ्यावर बर्फ साचला होता, त्याची पाहणी करायला त्या सकाळी मोजणी थांबवलीसुद्धा होती! होल्ड होता, घड्याळ उभं होतं. फक्त ज्याच्यासाठी थांबायला हवं होतं ती गोष्ट त्या खोलीत नव्हती. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत रात्रीचा तो विरोध पोचलाच नाही, असं अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने पुढे नोंदवलं. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं.

गेल्या काही वर्षांत मात्र आपल्याला घड्याळ थांबताना बघायची सवय होऊ लागलीय. १५ जुलै २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ बघायला श्रीहरिकोट्याला लोक जागत बसले होते, राष्ट्रपती आले होते. ५६ मिनिटं २४ सेकंद उरली असताना घड्याळ थांबलं. लोक घरी गेले. २२ जुलैला दुपारी यान सुखरूप उडालं. (लँडर पुढे चंद्रावर आपटलाच, थांबण्यातून यशाची हमी मिळते असं कुणी समजू नये.) २१ ऑक्टोबर २०२३ ला गगनयानची चाचणी पाच सेकंदांवर थांबली आणि दोष सापडून त्याच सकाळी दहाला पार पडली. जून २०२५ मध्ये अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांच्या उड्डाणाची तारीख तर इतक्यांदा हलली की व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद फिरले. एकदा हवामान, एकदा रॉकेटमधून द्रवरूप ऑक्सिजनची गळती, मग अंतराळ स्थानकातल्या गळतीची दुरुस्ती. २५ जूनला ते उडाले. विनोद करणाऱ्यांनाही, आपलाच मुलगा आत असता तर आणखी चार वेळा पुढे ढकललेलं चाललं असतं.

आणि हा मुलगा-मुलीचा विषय निघालाच आहे तर लग्नाचं बोलू. कारण आपल्या घरांत सर्वांत मोठा काउंटडाउन तोच असतो. पूर्वी मांडवात घटिकापात्र असे. मोठ्या भांड्यात पाणी, त्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला बारीक छिद्र. हळूहळू पाणी आत येत जातं आणि चोवीस मिनिटांनी वाटी बुडते, म्हणजे एक घटका झाली. जोशीबुवा तिच्याकडे डोळे लावून बसलेले. इकडे अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना दोघं उभे, मंगलाष्टकं चाललेली आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी सावधान, सावधान. बघायला गेलं तर नासाच्या त्या टेबलाटेबलांवरच्या विचारणीसारखंच हे. पुन्हा पुन्हा विचारतात. फरक इतकाच की उत्तराची कुणालाच अपेक्षा नसते. 'सावधान' म्हटलं की अक्षता टाकायच्या आणि पुढच्या कडव्याची वाट बघायची. मागच्या रांगेतल्यांचं लक्ष एव्हाना जेवणाच्या हॉलच्या दाराकडे.

परंपरा सांगते की ते उत्तर एकदाच कुणीतरी दिलं. जांबच्या नारायणाने, वयाच्या बाराव्या वर्षी, आसनगावच्या मांडवात. सावधान म्हणाले, तो झाला, आणि बोहल्यावरून पळाला तो समर्थ रामदास होऊनच महाराष्ट्राला दिसला. एक सेकंद उरला असताना थांबलेली मोजणी ती हीच. आपण ही कथा कौतुकाने सांगतो आणि नारायणाच्या मागोमाग नाशिकला टाकळीला जातो. अंतरपाटाच्या पलीकडे जी मुलगी हार घेऊन उभी होती तिच्याकडे सांगणारे फारसे वळत नाहीत. शेवटच्या सेकंदाला थांबण्याची किंमत बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी मोजतं. म्हणूनच तर रॉकेटवाले आपले थांबे आधी, तासातासांच्या अंतरावर ठेवतात, जिथे थांबलं तर इंधन काढून घेता येतं आणि कुणाचं नुकसान होत नाही.

तसे थांबे आपणही ठेवलेले होते. बघणं, मग बैठक, याद्या, साखरपुडा, त्यानंतर मध्ये काही महिने. दोन्ही घरांना एकमेकांचा खरा आवाज ऐकू यावा एवढी उसंत त्यात होती, आणि त्या टप्प्यावर मोडलं तर चार दिवस कुजबुज होऊन विरून जाई. आता मुलगी आईला रात्री स्वयंपाकघरात हळूच सांगते, की मला हा नीट वाटत नाहीये, फोनवर माझ्यावर ओरडतो. आई भांडी आवरता आवरता म्हणते, अगं, हॉलचे पैसे भरलेत, पत्रिका वाटून झाल्या, आजीची तब्येत तुला माहीत आहे, आणि लग्नाआधी सगळ्यांनाच असं होतं. वडिलांपर्यंत ते पोचतच नाही. मागची उसंत म्हणावी तर साखरपुड्यालाच हल्ली हॉल असतो, डीजे असतो, ड्रोन असतो आणि तीनशे पानं उठतात.